दिवा कुणापुढे ठेवायचा

चौथ्यांदा कंदील घ्यायला गेलो तेव्हा देवनहळ्ळीच्या बाजारातल्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने मला लांबूनच ओळखलं. "बनी सार, बनी," म्हणत त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि गल्ल्यावर बसलेल्या बायकोकडे वळून कानडीत काहीतरी पुटपुटला. ती तोंडावर पदर घेऊन हसली. माझा जन्म बंगळूरचा, मला कानडी कळतं. तो म्हणाला होता, "कंदीलवाले सर आले."

"सार, बॅटरीदु बेका, सोलारदु बेका?" त्याने विचारलं.

बॅटरीचा हवा की सोलरचा, हाच प्रश्न मी सगळा उन्हाळा चघळत होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी कंदिलांबद्दल लोकांनी लिहिलेली मतं वाचत असे. कुठला किती वेळ जळतो, कुणाची बॅटरी वर्षभरात फुगते, ढगाळ हवेत कुठला टिकतो. माझ्या आयुष्यात मी एवढा अभ्यास कशाचा केला नसेल. आणि त्या स्टुलावर बसल्यावर मला अगदी ओठांवर आलं होतं, की बाबा रे, मला कंदील नकोच आहे. मला माझी आई घरात राहायला हवी आहे. उद्या रविवार. उद्या माझा मावसभाऊ बेळगावहून गाडी घेऊन येणार आणि तिला घेऊन जाणार. त्याच्या आत मला असा एक दिवा दे की तो पाहून ती म्हणेल, राहते मी.

मी म्हणालो, "दोन्ही दाखवा."

आईला ऐकू येत नाही. एकदम गेलं नाही ते. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दारावरची घंटा, मग फोनवरची मावशी. यंत्र लावून पाहिलं, ते कानात चीं चीं करायचं. कानाच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की नसच कामातून गेली आहे, आवाज वाढवून आता फायदा नाही. यंत्र तिने डबीत घालून देव्हाऱ्याच्या खणात टाकलं. तेव्हापासून ती ओठ वाचते. तिला हे कुणी शिकवलं नाही. भाजीवाल्या अक्काचं कानडी आणि माझ्या बायकोचं पुण्याचं मराठी ती ओठांवरून अलगद उचलते, कधी कधी तर बायकोचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देते. पाटीवर लिहून दाखवलेलं मात्र तिला खपत नाही. "मी काय ठार बहिरी झालेय? बोल की तोंडाने." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर तिला नीट दिसतही नाही, आणि झगझगीत उजेड सुईसारखा टोचतो.

त्यामुळे दिवसा तिचं बरं चालतं. करंट गेला की संपलं. आमच्याकडे जुनी माणसं करंट म्हणतात, बायको लाइट म्हणते. अंधार झाला की आपल्याला निदान पावलं ऐकू येतात, कुणी तरी "थांबा, मेणबत्ती आणते" म्हणतं, बाहेर कुत्री भुंकतात. आईला त्यातलं काही नसतं. एका क्षणात सगळं जग तिच्यापासून उठून निघून जातं.

आमच्या जुन्या घरी हे फारसं जाणवलं नव्हतं. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांनी ते घर बांधलं. तिथे करंट क्वचित जायचा आणि गेला की शेजारची अक्का मागच्या दाराने थेट आत यायची, आईचा हात हातात घेऊन बसायची. बाबा गेले. अक्काही मुलाकडे गेली. घराला ओल धरली, गल्लीत दोन्ही बाजूंना इमारती उठल्या. मी ते घर बिल्डरला दिलं आणि देवनहळ्ळीच्या पुढे, जिथे आत्ताआत्तापर्यंत नाचणीची शेतं होती अशा एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वसाहतीत, स्वतंत्र घर घेतलं. मला वाटलं, आईला मोकळी हवा मिळेल. मला घरूनच काम करायचं होतं, ऑफिसच्या वाटेवरच्या मारतहळ्ळीच्या गर्दीचा मला वीट आला होता, हेही खरं आहे. पण आईला विचारल्याशिवाय मी ते केलं नाही. बायको तेव्हा माहेरी पुण्याला गेली होती. जुन्या घराच्या व्हरांड्यात आईसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि सगळं समजावून सांगितलं. घर का द्यायचं, कुठे जायचं, तिथे काय काय असेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सरी," म्हणाली. बरं म्हणाली. मला रडू आलं होतं. इतक्या सहज ती हो म्हणेल असं वाटलं नव्हतं.

नव्या लेआउटमध्ये विजेची एकच तार आहे, नीलगिरीच्या झाडांमधून येते. वारा सुटला की फांदी पडते, फांदी पडली की करंट जातो, आणि आम्ही गावाच्या टोकाला असल्यामुळे तो सगळ्यात शेवटी येतो. यूपीएस, म्हणजे इन्व्हर्टर, आहे घरात. बंगळूरला कुणाच्या घरात नसतं? पण वायरिंग चालू असताना इलेक्ट्रिशियनने विचारलं होतं, "सार, कुठल्या कुठल्या खोल्या जोडू?" मी सांगितलं, माझी कामाची खोली, इंटरनेट, हॉलमधला दिवा आणि पंखा. आईची खोली मी सांगितली नाही. विसरलो नव्हतो. आई संध्याकाळी हॉलमध्येच असते असा मी विचार केला होता. आता तार भिंतीत गाडली गेली आहे, आणि यूपीएसचा जीव माझा कंप्युटर चालवण्यातच संपतो. जोडून घेऊ पुढच्या आठवड्यात, असं मी किती आठवडे म्हणत राहिलो ते मलाही माहीत नाही.

मग एप्रिलमधली ती संध्याकाळ. ऑफिसमधल्या एकाच्या मुलीचं रिसेप्शन होतं, आम्ही दोघं गेलो होतो. आई म्हणाली होती, जा, मी टीव्ही बघते. ती टीव्हीवरची चित्रं बघते. परतताना वादळ झालं, विमानतळाच्या रस्त्यावर गाड्या जागच्या हलेनात. घरी पोचलो तेव्हा सगळा लेआउट काळाठिक्कर होता. यूपीएस कधीच बंद पडलेलं. फोनच्या टॉर्चमध्ये मला आई तिच्या खोलीच्या मधोमध उभी दिसली, पाठमोरी, एका हाताने पलंगाचा दांडा धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे. पायाखाली ओलं होतं. बाथरूमपर्यंत जायची तिची हिंमत झाली नव्हती.

मी धावत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोन खाली पडला. तिने वळून हातातल्या स्टीलच्या पेल्याने माझ्या कपाळावर मारलं आणि ओरडली. मी "आई, मी आहे, मी आहे" म्हणत होतो, कुणाला सांगत होतो देव जाणे. तिचे हात माझ्या तोंडावर आले, चाचपडत दाढीला लागले, आणि ती आणखी जोरात ओरडली. शेवटी बायकोने तिचे दोन्ही हात धरले. बायकोच्या बांगड्या बोटांना लागल्या तेव्हा कुठे ती तिच्या अंगावर कोसळली.

त्या दिवसापासून आईने दुपारच्या चहानंतर पाणी पिणं बंद केलं. अंधारात उठावं लागू नये म्हणून. आम्हाला कळलं तेव्हा तिला लघवीचा त्रास सुरू होऊन ताप आला होता. डॉक्टर बाई माझ्यावर चिडल्या, आणि चिडाव्यात असंच होतं ते. सूर्य कलला की ती अंथरुणावर पडायची, डोळे मिटून घ्यायची, म्हणजे अंधार तिचा स्वतःचा असेल. आणि मग एक दिवस तिने बायकोला मावशीला फोन लावायला सांगितलं. "मला बेळगावला सोडा," म्हणाली. "तिच्या घरात माणसं आहेत, गल्लीत माणसं आहेत. करंट गेला तर कुणी हात तरी धरेल."

मी कंदील आणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पहिला आणला तो भिंतीच्या प्लगला लावून ठेवायचा, करंट गेला की आपोआप पेटणारा. फार हुशार वस्तू आहे असं मला वाटलं. पहिल्यांदा पेटला तेव्हा त्याचा पांढरा झोत थेट आईच्या डोळ्यांत गेला आणि तिने पदराने तोंड झाकलं. ती म्हणाली, "पोलीस आल्यासारखं वाटतं." दुसरा सोलरचा. गच्चीवर पॅनेल ठेवायचं, दिवसभर ऊन खाऊ द्यायचं, संध्याकाळी कंदील खाली आणायचा. मऊ पिवळसर उजेड, डोळ्यांना त्रास नाही. मी आईला गच्चीवर नेऊन सगळं समजावलं. इथे ठेवायचं, ऊन असेल त्या बाजूला तोंड करायचं, त्याच्यावर काही येऊ द्यायचं नाही. तिने मान हलवली. तिला काम मिळालं याचा मला आनंद झाला. रोज सकाळी ती जिना चढून पॅनेल मांडायची, रोज संध्याकाळी कंदील उतरवून आणायची. आणि रोज तो पेटायचा आणि थोड्याच वेळात विझायचा. मी ढगांना दोष दिला, बंगळूरच्या हवेला दिला, मग कंपनीला दिला. बदलून दुसरा आणला, मोठ्या पॅनेलचा. तोही तसाच.

"घरात माणसं तीन आणि कंदील किती?" बायको म्हणाली. "आता शटर लावून दुकानच काढ ना. ऑफिस सोडायचं म्हणतोसच."

"तू हसू नकोस ग."

"हसत नाहीये मी. पण तू त्यांच्याशी बोलतोस का कधी? नुसते दिवे आणतोस."

"बोलतो की. रोज बोलतो."

"तू बोललास की त्या माझ्याकडे बघतात. बघितलंयस कधी?"

बघितलं होतं. जेवताना मी काही म्हटलं की आईचे डोळे बायकोकडे जायचे, आणि बायको तेच पुन्हा म्हणायची, मग आई उत्तर द्यायची. मला ते सासूसुनेचं गूळपीठ वाटायचं. थोडा हेवाही वाटायचा.

तर त्या शनिवारी दुकानदाराने दोन्ही दाखवले, आणि मग माझा पडलेला चेहरा बघून माळ्यावरून एक जुनाट माल काढला. साधा सेल घालायचा कंदील. वर कडी, बाजूला फिरवायचं बटण, जेवढं फिरवाल तेवढा उजेड. "हळे मॉडेल सार," तो म्हणाला, "आता कुणी घेत नाही." मी तो घेतला. आईच्या बोटांना जमेल असं ते बटण होतं, एवढंच मी पाहिलं.

घरी आलो, तो आई जेवण करून पडली होती आणि दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती. ती मी न पाहिल्यासारखं केलं आणि सोलरचं पॅनेल एकदा शेवटचं तपासावं म्हणून गच्चीवर गेलो. ऊन भाजत होतं. पॅनेल बरोब्बर दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेलं. आणि त्याच्यावर, चारी कोपऱ्यांना खडे ठेवून, मलमलचं पांढरं फडकं अंथरलेलं.

तेच फडकं आई उन्हाळ्यात पापडांवर घालायची, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायची. उन्हात ठेवलेल्या वस्तूवर धूळ बसू नये, कावळ्याने घाण करू नये. तिचा आयुष्यभराचा हात तो. मी तिथेच तापलेल्या फरशीवर बसलो. "त्याच्यावर काही येऊ द्यायचं नाही" हे मी तिला किती वेळा सांगितलं होतं. आधी मला राग आला, नंतर हसू. त्याच्या पलीकडे काही मला त्या वेळी सुचलं नाही. फडकं घडी करून खाली आणलं आणि बायकोला दाखवलं. ती हसली नाही. फडक्याकडे बघत राहिली.

दिवेलागणीला वारा सुटला. मी मनातल्या मनात, आज नको, आजचा एक दिवस नको, असं म्हणत होतो. देव्हाऱ्यातली समई बायकोने नुकतीच लावली होती आणि करंट गेला. सकाळी बराच वेळ करंट नव्हता, माझं यूपीएस त्यातच दमलेलं होतं, तेही क्षणभर कण्हून बंद पडलं. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले.

आई हॉलमध्ये खुर्चीवर होती. बायकोने नवा कंदील लावला आणि नेहमीप्रमाणे आधी आईपुढे नेऊन ठेवला. आमच्याकडे तसंच आहे. दिवा आला की आधी थोरांपुढे. मीही प्रत्येक कंदील आणून तसाच तिच्यापुढे ठेवत आलो होतो, तिच्या मांडीजवळ, अगदी मानाने. आईने दिव्याला हात जोडले. तिचा चेहरा पिवळा उजळला, सुरकुत्या, कुंकवाविना कपाळ, डोळे आमच्या दिशेने किलकिले. आम्ही दोघं तिच्यासमोर बसलो होतो आणि ती आमच्याकडे बघत होती, पण आम्ही तिला दिसत नव्हतो. उजेड सगळा तिच्यावर होता.

बायकोने काहीतरी विचारलं. आई चिडली. तिने कंदिलाची कडी धरली, उचलला, हात लांब करून बायकोच्या तोंडासमोर नेला.

"तू बोल आता," ती म्हणाली. "मला मेलीला उजळवून काय करता? माझं तोंड मी बघायचंय?"

बायकोने कंदील तिच्या हातातून घेतला, हनुवटीच्या थोडा वर, बाजूला धरला आणि विचारलं, "आई, चहा घेणार का?"

"स्वल्प," आई म्हणाली. "आलं घाल." आणि हसली. अंधार पडल्यावर तिला हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

एवढं साधं होतं. मी बाजार पालथा घातला होता, बॅटरी किती टिकते ते पाठ केलं होतं, आणि दिवा कुणाच्या तोंडावर हवा हे मला सुचलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. सापडलं. मी बायकोच्या हातातून कंदील जवळजवळ हिसकावून घेतला, आईसमोर जमिनीवर बसलो, बटण पूर्ण फिरवून तो माझ्या तोंडासमोर धरला आणि बोलायला लागलो. आई, जाऊ नकोस. उद्या त्याला परत पाठवतो. तुझ्या खोलीत वायर टाकून घेतो, भिंत फोडावी लागली तर फोडतो. तुला एकटीला सोडून कुठे जाणार नाही. त्या दिवशी गेलो ती माझी चूक. करंट गेला की असा दिवा धरून मी तुझ्यासमोर बसेन.  आई माझ्याकडे एकटक बघत होती, अगदी प्रेमाने. मग तिने मान हलवली.

"सरी," ती म्हणाली. "सरी, सरी."

मी कंदील खाली ठेवला आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. तिने केसांवरून हात फिरवला. मागून, अंधारातून, बायको म्हणाली, "विचार त्यांना, तू काय बोललास ते."

"म्हणजे?"

"विचार ना."

मला तिचा संताप आला. तरी मी कंदील उचलला आणि विचारलं, "आई, मी काय म्हणालो?"

आईने मान हलवली. "हो हो," म्हणाली. "बरोबर आहे."

मी पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, फक्त डोळे माझ्या तोंडावरून हलले आणि माझ्या मागे अंधारात बायकोला शोधायला लागले. तिथे कुणी दिसत नव्हतं. ते हसू हळूहळू मावळलं. तिची बोटं मांडीवर एकमेकांत अडकली. माझं काही चुकतंय का, असं विचारणाऱ्या लहान मुलीसारखी ती माझ्याकडे बघायला लागली.

दाढी मी लॉकडाउनमध्ये वाढवली. घरीच तर होतो. नंतर सवय झाली, मिशा वरच्या ओठावर उतरल्या, लोक म्हणाले बरी दिसते. आई एकदा म्हणाली होती, "बुवा झालास की रे." आम्ही सगळे हसलो होतो.

मी बाथरूममध्ये गेलो. बायकोने काही न विचारता कंदील बेसिनच्या कडेला आणून धरला. शिवणाच्या कात्रीने मी आधी मिशी कापली, मग दाढी, मग वस्तरा.  पांढरे केस बेसिनमध्ये पडत होते. व्हरांड्यातली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. बायको पुण्याला. समोर आई. मी दाढीमिशांआडून तासभर बोलतोय, तिचं घर तिच्या अंगाखालून काढून घेतोय, आणि ती मान हलवतेय.

बाहेर आलो आणि तिच्यासमोर बसलो. बायकोने मागे उभं राहून कंदील माझ्या तोंडाशी धरला. आईने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, अंगठा हनुवटीवरून फिरवला. "रक्त आलंय रे," म्हणाली. आणि मग, "किती म्हातारा झालास."

"आई, तुला माझं बोलणं कळतंय आता?"

ती ओठांकडे बघत होती. "कळतंय."

"आधी कळत नव्हतं?"

तिने पदराच्या टोकाने माझ्या हनुवटीवरचं रक्त टिपलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "पोटच्या पोराचं कळत नाही, असं सांगू? सुनेचं कळतं आणि तुझं नाही?"

"घर द्यायचं मी तुला विचारलं होतं. व्हरांड्यात. तू सरी म्हणालीस."

आईचे डोळे माझ्या ओठांवरच होते. तिला ते वाक्य पोचायला वेळ लागला, किंवा पोचल्यावर थांबायला. "ते होय ते?" ती म्हणाली. "मला वाटलं बाबांबद्दल बोलतोयस. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. इतका जीव तोडून बोलत होतास. काही बरंच सांगत असशील, म्हटलं. म्हणून मान हलवली."

कंदील थोडा हलला. बायकोचा हात.

"ट्रक आला तेव्हा कळलं," आई म्हणाली. "म्हटलं, सगळं ठरलंय."

पाऊस थांबला होता.  मग मी तिला विचारलं. व्हरांड्यातला प्रश्न, जो मी तिला कधी विचारलाच नव्हता. ओठ नीट हलवत, सावकाश. "आई, तुला इथे राहायचंय?"

मनात मी देवाला हात जोडत होतो. एवढं सगळं सापडल्यावर, एवढं सगळं धुऊन निघाल्यावर ती नाही म्हणणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तिने पूर्ण वाक्य वाचलं. मान हलवली नाही.

"नाही रे," ती म्हणाली. "मला इथे भीती वाटते."

"मी दाढी नाही ठेवणार. असा दिवा धरेन."

"धरशील. माहीत आहे मला." तिने माझा गाल थोपटला, जिथे कापलं होतं तिथे बोट न लावता. "पण किती वेळ धरशील? तुला कामं आहेत. हिचा हात बघ किती दुखतोय आत्ताच."

बायको म्हणाली, "नाही दुखत हो, आई." पण तिचं तोंड अंधारात होतं.

मग मी आणखी काय काय बोललो. माफी मागितली, ती तिला कळली, आणि कळल्यावर ती फक्त "असू दे" म्हणाली, जे ऐकायला मला सगळ्यात कठीण गेलं. शेवटी बोलायचं संपलं तेव्हा, काहीतरी बोलत राहावं म्हणून, मी तिला फडक्याचं सांगितलं. की पॅनेलवर फडकं घातलं तर ऊन आत जात नाही, म्हणून तो कंदील विझायचा.

"अय्यो," आई म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं?"

बायकोला हसू फुटलं. आईने तिला हलणाऱ्या सावलीवरून ओळखलं असावं, तीही हसली. मी कंदिलाच्या उजेडात बसून दोघींचं हसणं ऐकत होतो, आणि मला त्यात सामील होता आलं नाही.

रविवारी मावसभाऊ आला. माझी गुळगुळीत हनुवटी बघून म्हणाला, "अरे, ओळखलंच नाही तुला!" त्याने बॅग उचलली. सेलचा कंदील आईने स्वतः मागून घेतला, पिशवीत कपड्यांमध्ये गुंडाळून. "तुझ्या मावशीचं तोंड बघायला," म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. मी वाकून तिच्या समोर तोंड नेलं आणि म्हणालो, "पोचलीस की कळव. मी महिन्याला येईन." तिने ओठ वाचले. "बघू," म्हणाली.

गाडी नीलगिरीच्या वळणावर दिसेनाशी झाली. बायको आत गेली. मी कुठे जावं ते न कळून जिना चढून गच्चीवर गेलो.

सोलरचं पॅनेल मांडलेलं होतं. ती सकाळी कधी वर येऊन गेली होती, आम्हा दोघांनाही कळलं नाही. तोंड दक्षिणेकडे, काच ओल्या फडक्याने पुसलेली, तिच्यावर काहीही नाही. मलमलचं फडकं बाजूला चौकोनी घडी करून ठेवलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा.

संध्याकाळी करंट गेला. तो कंदील मी खाली आणून हॉलमध्ये ठेवला, आईच्या खुर्चीसमोर, सवयीने. तो विझला नाही. आम्ही जेवलो, भांडी आवरली, बायको झोपायला गेली, तरी तो जळतच होता, मोकळ्या खुर्चीवर सगळा उजेड टाकत. मी उठून बटण बंद केलं.